चार फॉलिकल आणि साडेचारशे युनिट : कमी औषधांच्या आयव्हीएफचे सोलापुरातील एक प्रकरण

आयव्हीएफचे, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचाराचे, हे प्रकरण लिहिण्यास पती-पत्नी दोघांनीही संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. उपचारात माझ्याकडून झालेली एक चूक या लेखात येईल. ती वगळली असती तर प्रकरण नीटनेटके दिसले असते, पण अपुरे राहिले असते.

पत्नी पहिल्यांदा आल्या तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या आणि लग्नाला नऊ वर्षे झाली होती. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात त्या शिलाईचे काम करतात आणि त्यांचे पती जवळच्याच एका रंगाई कारखान्यात आहेत. हातात पिशवी, पिशवीत तीन फाइली, आणि सोबत सासूबाई. सासूबाईंनी तुळजापूरचा नवस, अक्कलकोटच्या खेपा हे सगळे सांगून झाल्यावर सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला : "मॅडम, कमी इंजेक्शनचं टेस्ट ट्यूब असतंय म्हणं. ते आम्हाला चालतंय का?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणारे डॉक्टर बरेच आहेत आणि दोन्ही उत्तरे घाईची आहेत, असे माझे मत आहे. उत्तर बाईंच्या बीजांडकोशात असते, म्हणून आधी फाइली वाचाव्या लागतात.

फाइलींमध्ये काय होते

वयाच्या २८ व्या वर्षी त्यांच्या उजव्या बीजांडकोशातील चॉकलेट सिस्ट दुर्बिणीतून काढली होती. एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) या गाठीचे आवरण सोलून काढताना त्याला चिकटलेली निरोगी बीजांडेही काही प्रमाणात जातात, आणि शस्त्रक्रियेनंतर बीजांडसाठा घटलेला आढळणे हे नवलाचे नाही. त्यांच्या बाबतीत तसेच झाले असावे. बीजांडसाठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक एएमएच ०.६२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, बीजे वाढवणारे संप्रेरक एफएसएच पाळीच्या दुसऱ्या दिवशी ११.८, आणि सोनोग्राफीत त्या महिन्याच्या सुरुवातीला दिसणारे छोटे फॉलिकल (बीज ज्यात वाढते त्या द्रवाच्या पिशव्या) एकूण चार : डावीकडे तीन, उजवीकडे एक. पाळी मात्र नियमित, २५ ते २६ दिवसांची. गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी झालेली होती आणि अस्तराच्या नमुन्यात क्षयरोग आढळला नव्हता. आपल्याकडे ही तपासणी वगळून पुढे जाऊ नये.

पतींच्या वीर्यात शुक्रजंतूंची संख्या दर मिलिलिटरला १ कोटी ४० लाख होती आणि पुढे सरकणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत या दोन्हींची खालची मर्यादा अनुक्रमे १ कोटी ६० लाख आणि ३० टक्के अशी आहे. म्हणजे दोष होता, पण किरकोळ. ते दिवसाला सात-आठ पुड्या मावा खात होते, आणि त्यांचे काम गरम वाफेच्या कुंडांजवळ होते. आधीच्या कोणत्याही कागदावर या दोन्हींची नोंद नव्हती.

तिसरी फाइल दीड वर्षापूर्वीच्या आयव्हीएफची होती. एका मोठ्या शहरातील केंद्रात त्यांना ११ दिवस रोज ४५० युनिट गोनॅडोट्रोपिन (बीजे वाढवणारे इंजेक्शन) दिले गेले. एकूण ४,९५० युनिट. तीन स्त्रीबीजे मिळाली, त्यांतील दोन परिपक्व होती, एकाचे फलन झाले, तिसऱ्या दिवशी तो एक भ्रूण गर्भाशयात सोडला गेला आणि गर्भधारणा झाली नाही. खर्च सुमारे २,३५,००० रुपये, त्यांपैकी ९०,००० च्या आसपास केवळ औषधांचा. त्यासाठी पाटल्या मोडल्या. शेवटच्या भेटीत त्यांना दोन पर्याय सांगण्यात आले होते : पुढच्या वेळी मात्रा आणखी वाढवू, नाहीतर दात्या स्त्रीचे बीज घ्या.

मला खटकला तो पहिला पर्याय.

मात्रा वाढवून काय वाढते

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजांडे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती साधारण चारशे. बाकीची झिजून जातात. दर महिन्याला बीजांडांची एक छोटी तुकडी वाढीला लागते. पाळीच्या सुरुवातीला रक्तातील एफएसएच थोडे चढते, तुकडीतील एक फॉलिकल पुढे निघतो, त्याच्याकडून येणारी इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही संप्रेरके मेंदूला एफएसएच कमी करण्याचा निरोप देतात, आणि एफएसएच उतरताच मागे राहिलेले फॉलिकल सुकतात. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये बाहेरून इंजेक्शने देऊन हे एफएसएच उतरू दिले जात नाही, त्यामुळे जे सुकणार होते तेही वाढतात. ज्या स्त्रीच्या तुकडीत पंधरा फॉलिकल आहेत तिला याचा फार मोठा लाभ होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की इंजेक्शनांमुळे 'पुढच्या वर्षांची बीजे आत्ताच संपतात' ही भीती निराधार आहे. वाढवली जातात ती त्याच महिन्यात वाया जाणारी बीजे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सासवा ही भीती घेऊन येतात, आणि कमी औषधांच्या आयव्हीएफची जाहिरात करणारे कधीकधी ती दूर करत नाहीत, हे मला योग्य वाटत नाही. दुसरी गोष्ट या बाईंच्या दृष्टीने महत्त्वाची होती. तुकडीत चारच फॉलिकल असतील, तर ४५० युनिटांनी पाचवा निर्माण होत नाही, आणि ६०० युनिटांनीही नाही.

या मुद्द्यावर नुसत्या तर्कावर विसंबण्याची गरज नाही. बीजांडसाठा कमी असलेल्या ३९४ स्त्रियांवर नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत एका गटाला रोज १५० युनिट आणि दुसऱ्याला रोज ४५० युनिट दिले गेले. गर्भधारणा टिकण्याचे प्रमाण अनुक्रमे १२.८ आणि १३.६ टक्के निघाले. हा फरक नगण्य आहे. मी हे आकडे कागदावर लिहून त्या दोघांना दाखवले, आणि दुसऱ्या बाजूने काय दिसते तेही सांगितले : कमी मात्रा दिली तरी शंभरातील तेरा जणींनाच यश आले, सत्याऐंशी जणींना नाही.

याच विषयावर २००७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आलेला ४०४ स्त्रियांचा अभ्यास अधिक प्रसिद्ध आहे. त्यात सौम्य उपचाराच्या गटात एका वर्षात पूर्ण दिवसांचे मूल होण्याचे प्रमाण ४३.४ टक्के आणि नेहमीच्या गटात ४४.७ टक्के होते, तर जुळ्यांसारख्या बहुगर्भधारणांचे प्रमाण ०.५ विरुद्ध १३.१ टक्के. हा अभ्यास सौम्य पद्धतीच्या बाजूने नेहमी मांडला जातो. परंतु त्या स्त्रिया ३८ वर्षांखालच्या आणि नियमित पाळीच्या होत्या, शिवाय सौम्य गटात एकच भ्रूण सोडला जात होता आणि दुसऱ्या गटात दोन. त्यामुळे बहुगर्भधारणेतील फरकाचे श्रेय औषधांच्या मात्रेला देता येत नाही. आमच्या रुग्णाला तो अभ्यास जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरले असते.

ठरवताना

त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. दात्या स्त्रीचे बीज घेतल्यास यशाची शक्यता सर्वांत जास्त होती, आणि ते मी कोणतीही आडवळणे न घेता सांगितले. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे लागते, ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे घेता येत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते शेवटचं. आधी माझं संपू दे." दुसरा मार्ग पुन्हा मोठ्या मात्रेचा होता. तिसरा असा की, कमी औषधांची तीन-चार चक्रे करायची, प्रत्येक वेळी मिळेल तो भ्रूण गोठवायचा, आणि हाताशी तीन भ्रूण झाल्यावरच गर्भाशयात सोडण्यास सुरुवात करायची. वय वाढत असताना आधी बीजे मिळवावीत आणि ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणे, नंतर करावे, कारण गर्भाशय वर्षभर थांबू शकते, बीजांडकोश थांबत नाही.

आम्ही तिसरा मार्ग निवडला. त्यामागे वैद्यकीय कारणाइतकेच एक व्यावहारिक कारण होते. त्यांना रजा बिनपगारी मिळत असे. रोज ठरावीक वेळी इंजेक्शन, ते २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे, आणि घरी फ्रिज नाही. आधीच्या वेळी ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवत आणि वीज गेली की रात्रभर झोप नसे. शिवाय कारखान्यातील बायकांची भिशी होती. तिची रक्कम ठरावीक महिन्यांनी हाती येणार होती, आणि एका चक्राचा खर्च त्या रकमेत बसत होता. अडीच लाख एकदम उभे करणे आणि सत्तर-पंचाहत्तर हजार दोन-तीन महिन्यांनी उभे करणे, यांत या घरासाठी फार मोठे अंतर होते.

या मार्गाला 'नैसर्गिक आयव्हीएफ' म्हणण्यास माझा विरोध आहे. खरे नैसर्गिक चक्र म्हणजे औषधाविना वाढलेले एकच बीज घेणे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राउन अशाच एका बीजापासून झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या 'दुर्गा'साठी मात्र इंजेक्शने देऊन बीजे वाढवली होती आणि भ्रूण गोठवलेला होता. म्हणजे दोन्ही वाटांनी एकाच वर्षी मूल झाले. त्यांतील एक जुनी आणि शुद्ध, दुसरी नवी आणि कृत्रिम, अशी विभागणी इतिहासाला धरून नाही. आम्ही वापरली ती मधली वाट होती : गोळ्या, आणि जोडीला थोडी इंजेक्शने.

पहिले चक्र लगेच सुरू केले नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पतींना तीन महिने मावा पूर्ण बंद करून कारखान्यात कुंडापासून दूरचे काम मागून घेण्यास सांगितले. मावा त्यांनी दोन आठवड्यांत सोडला. बदलीचे काम मिळायला मात्र दीड महिना गेला. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत संख्या १ कोटी ९० लाख झाली होती.

चार चक्रे

जूनमधील पहिल्या चक्रात पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून क्लोमिफेनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज आणि सहाव्या दिवसापासून एक दिवसाआड १५० युनिटांचे इंजेक्शन, अशी तीन इंजेक्शने दिली. क्लोमिफेन मेंदूतील इस्ट्रोजेनची जाणीव अडवते, त्यामुळे शरीर स्वतःच एफएसएच जास्त सोडते. आणि ती गोळी शेवटपर्यंत चालू ठेवली तर बीज वेळेआधी फुटण्याला कारण होणारी एलएच या संप्रेरकाची उसळीही बऱ्याच प्रमाणात दबून राहते. तिचा तोटा असा की गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, म्हणून त्याच महिन्यात भ्रूण सोडणे योग्य नसते. आम्हाला तसेही गोठवायचेच होते. अकराव्या दिवशी रात्री दहा वाजता ट्रिगर (बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन), तेराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बीजे काढली. दोन मिळाली, दोन्ही परिपक्व. पाचव्या दिवशी एक भ्रूण गोठवता आला. मोठ्या मात्रेच्या चक्रातही त्यांना एकच मिळाला होता.

पण गोळ्यांच्या शेवटच्या चार दिवसांत त्यांच्या डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा चमकत होत्या. शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या बाईसाठी ही गंभीर बाब होती, आणि एरवीही क्लोमिफेनमुळे दृष्टीवर परिणाम झाला तर ते औषध पुन्हा देऊ नये. म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या चक्रात लेट्रोझोल घेतले. औषधाच्या दुकानात कोणीतरी पतींना सांगितले की ही कर्करोगाची गोळी आहे, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून दवाखान्यात आले. त्यांचे ऐकणे निराधार नव्हते. लेट्रोझोल मूळ स्तनांच्या कर्करोगासाठीचे औषध आहे, आणि २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती. ती २०१७ मध्ये उठली. ते शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्यास काही दिवस अडथळा आणते, पाच दिवसांनी बंद होते आणि लवकर शरीराबाहेर जाते. हे बोलण्यात अर्धा तास गेला, आणि तो गोळी लिहून देण्यापूर्वीच द्यायला हवा होता.

लेट्रोझोल एलएचची उसळी दाबून ठेवत नाही. हे मला माहीत होते. नवव्या दिवशी, शुक्रवारी, मोठा फॉलिकल १५ मिलिमीटरचा होता. त्यांची पाळी २५ दिवसांची, म्हणजे बीज लवकर फुटण्याची शक्यता अधिक. त्या दिवशी एलएच तपासून अँटॅगोनिस्टचे, म्हणजे ती उसळी रोखणारे, इंजेक्शन सुरू करायला हवे होते, किंवा निदान रविवारी सकाळी सोनोग्राफी करायला हवी होती. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून मी सोमवारची वेळ दिली. सोमवारी फॉलिकल दिसला नाही. गर्भाशयामागे थोडे द्रव साचलेले होते. बीज निघून गेले होते.

पंधरा बीजे असलेल्या स्त्रीच्या उपचारात दोन दिवसांची ढिलाई कधीकधी खपून जाते. दोन फॉलिकल असलेल्या स्त्रीच्या उपचारात ती अख्खा महिना घेऊन जाते. कमी औषधे म्हणजे कमी देखरेख, असा समज रुग्णांत आहे, आणि मी कबूल करते की त्या शुक्रवारी तो माझ्याही वागण्यात होता. मी त्यांना चूक माझी आहे असे सांगितले आणि त्या चक्राच्या सोनोग्राफीचे पैसे परत केले. त्या काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या येळी रविवारी येऊ का मग?" तेव्हापासून अशा रुग्णांसाठी रविवारी सकाळी एक तास दवाखाना उघडा असतो.

ऑक्टोबर आणि जानेवारीच्या चक्रांत लेट्रोझोलसोबत एक दिवसाआड १५० युनिटांची चार इंजेक्शने दिली, आणि फॉलिकल १३-१४ मिलिमीटरला पोहोचताच ०.२५ मिलिग्रॅम अँटॅगोनिस्ट सुरू केले. ऑक्टोबरमध्ये तीन बीजे आणि एक भ्रूण. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून रिक्षा वळवत आणून, दोन बीजे आणि एक भ्रूण. एकूण सात बीजे, तीन गोठवलेले भ्रूण.

मार्चमध्ये पहिला भ्रूण सोडला. पाळी नियमित असल्याने अस्तर तयार करण्यासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या न देता त्यांच्या स्वतःच्या चक्रातच, बीज फुटल्यानंतर दिवस मोजून तो सोडला. यामागे औषध वाचवण्यापलीकडचे कारण आहे : बीज फुटल्यावर राहणारा पीतपिंड गरोदरपणातील रक्तवाहिन्यांच्या बदलांना मदत करतो, आणि तो नसलेल्या पूर्णतः गोळ्यांवरच्या चक्रांत पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक दिसून आला आहे. तो भ्रूण रुजला नाही. मे महिन्यात दुसरा सोडला, आणि तो रुजला.

हिशेब

चार चक्रांची औषधे सुमारे ३९,०००, तीन वेळा बीजे काढणे, फलन आणि गोठवणे मिळून २,०४,०००, दोन ट्रान्सफरचे ४८,०००. एकूण २,९०,००० च्या वर. पहिल्या अपयशी चक्रापेक्षा हा खर्च जास्तच आहे, आणि कमी औषधांचा आयव्हीएफ 'स्वस्त' असतो असे सांगताना ही बेरीज सहसा केली जात नाही. औषधांचा खर्च घटतो. शस्त्रक्रियागृह, भूल, प्रयोगशाळा आणि गोठवण्याचा खर्च प्रत्येक खेपेला तोच राहतो. या घराला तो परवडला कारण तो बारा महिन्यांत विभागला गेला, आणि त्यातून एकाऐवजी तीन भ्रूण मिळाले. मोठ्या मात्रेची तीन चक्रे केली असती तर तितकेच किंवा एखादा जास्त भ्रूण मिळालाही असता. या एका प्रकरणावरून त्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही. फक्त ती तीन चक्रे या घराने केली नसती.

उपचार चालू असतानाच त्यांची धाकटी जाऊ आली होती. वय २९, दोन्ही बीजवाहिन्या बंद, एएमएच ३.४, फॉलिकल सतरा. मोठ्या जावेचे बघून तिलाही 'कमी इंजेक्शनचंच' करायचे होते. तिला मी नेहमीच्या पद्धतीचा सल्ला दिला. एका चक्रात दहा-बारा बीजे मिळाली तर पाच-सहा चक्रांचे काम एकदाच होते, जास्त झालेले भ्रूण दुसऱ्या मुलासाठी राहतात, आणि बीजांडकोश सुजण्याचा जो धोका पूर्वी मोठा होता तो आता अँटॅगोनिस्ट पद्धत, वेगळ्या प्रकारचा ट्रिगर आणि सर्व भ्रूण गोठवणे यांमुळे बराच आटोक्यात आला आहे. तिला वाटले मी जावा-जावांत भेद करते आहे. दोघींचे सोनोग्राफीचे कागद शेजारी ठेवून फॉलिकल मोजून दाखवले, तेव्हा ते पटले.

मोठ्या जावेला ३८ आठवड्यांनी सिझेरियन होऊन मुलगी झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. रक्तदाब शेवटपर्यंत ठीक होता. तिसरा भ्रूण अजून गोठवलेला आहे. कायद्याप्रमाणे तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, आणि साठवणुकीचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. गेल्या महिन्यात मुलीच्या लसीकरणाला आल्या तेव्हा त्यांनी साठवणुकीचा अर्ज सोबत आणला होता. पतींचे म्हणणे होते की आता पुरे. सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते आणि ते त्यांनी दोनदा सांगितले. सूनबाईंनी दोघांचेही ऐकून घेतले, मुलगी पतींच्या हातात दिली, आणि एका वर्षाच्या रकान्यात सही केली.